सतरा नंबरचा शेजार

चिंधी थिनरमध्ये बुडवून गोपाळरावांनी ती पुन्हा दगडावर घासली. तांबडा रंग आधी पसरला, मग थोडा निघाला. अक्षरं मात्र जागची हलली नाहीत. इतक्या वर्षांच्या उन्हापावसानं ती दगडात मुरली होती. 'पिराजी कऱ्हाळे' हे नाव पुसट झाल्यावर उलट जुनं आणि खरंखुरं वाटायला लागलं.

त्यांनी चिंधी बाजूला टाकली, बोटं पायजम्याला पुसली आणि पांढऱ्या रंगाच्या डब्यात ब्रश बुडवला. पहिल्या हातानंतरही आतून गुलाबी सावली दिसत होती. दुसरा हात द्यावा लागणार होता. वाळेपर्यंत पुढचा दगड घ्यावा म्हणून ते गुडघ्यावर हात टेकून उठले.

कळमनुरीच्या बाहेर, नांदेड रोडला लागून ही जागा होती. रस्त्यावर लोखंडी कमान होती आणि तिच्यावर 'ज्ञानदीप नगर' अशी अक्षरं. त्यातला 'दी' वाऱ्यानं कधीच पडून गेला होता. आत मुरमाचे रस्ते आखलेले होते. त्यांच्यावर आता कुसळी गवत वाढलं होतं. दिव्यांचे खांब होते, दिवे नव्हते. चुन्यानं रंगवलेले हद्दीचे दगड ओळीनं उभे होते आणि एवढ्या पसाऱ्यात घर एकच होतं. पार टोकाला, अठरा नंबरवर, पत्र्याच्या दोन खोल्या. त्यांच्यासमोर एक शेळी बांधलेली असायची आणि सकाळी धूर निघायचा.

दगड कोरे करायचं काम एखाद्या मजुराला सांगता आलं असतं. त्यांचा भागीदार लालसिंग तसं म्हणालाही होता. पण गोपाळरावांनी स्वतःच करतो म्हणून सांगितलं. ज्या हातानं लिहिलं त्यानंच पुसावं, एवढंच त्यांच्या मनात होतं. शिवाय दुसऱ्या कुणी ती नावं वाचत वाचत पुसावीत, हे त्यांना नको होतं.

भाव दोन दिवसांपूर्वी ठरला होता, लालसिंगच्या पत्र्याच्या ऑफिसात. जमीन लालसिंगच्या वडिलांची. ती अकृषक करून घेणं, मोजणी, रस्ते, खांब, या सगळ्यात गोपाळरावांच्या निवृत्तीचे पैसे गेलेले. उरलेल्या प्लॉटांत दोघांचा अर्धा अर्धा हिस्सा. सुरुवातीला चांगलं चाललं. वसमतच्या बाजारात हळदीला भाव आला, तेव्हा लोक ट्रॅक्टर कमानीपाशी लावून प्लॉट बघायला येत. मग हळद उतरली. नवा बाह्यवळण रस्ता या बाजूनं जाणार म्हणत होते, तो दुसऱ्याच बाजूनं गेला. त्यानंतर भाव विचारायलासुद्धा कुणी आलं नाही.

आणि आता नांदेडचा एक जण तयार झाला होता. त्याला मंगल कार्यालय बांधायचं होतं. नऊपासून सतरापर्यंतची अख्खी ओळ तो घेणार होता, पण फुटाला चारशेनं.

"पाचशे तरी म्हण," गोपाळराव म्हणाले होते.

"गुरुजी, पाचशे म्हणलं तर तो चहा पिऊन उठून जाईन. माल पडून राहिला की त्याचा भाव घेणारा सांगतो. बराबर का नाही?"

"पण आपण सातशेनं दिलेत लोकांना."

"कोणत्या लोकांना? पुढच्या प्लॉटवाले सगळे तर व्यापारी हायत, त्याइला नफा-तोटा समजतो." लालसिंगनं कॅल्क्युलेटर उलटा करून ठेवला आणि त्यांच्याकडे पाहिलं. "तुमी अठरा नंबरच्या रखमाजी पोलेचं मनात घेऊन बसले. एका म्हाताऱ्याला वाईट वाटंल म्हणून भाव लावायचा का आपण?"

गोपाळरावांच्या घरी वरच्या खोलीच्या विटा गिलाव्यावाचून तशाच उघड्या होत्या. त्यांच्या बायकोनं, सरलाबाईंनी, त्या खोलीबद्दल बोलणं सोडून दिलं होतं. पहिली काही वर्षं त्या विचारायच्या, मग आडून सुचवायच्या, आणि अलीकडे पाहुणे आले की त्या जिन्याचं दार लोटून घ्यायच्या. यापेक्षा त्या बोलायच्या तेच गोपाळरावांना बरं वाटायचं.

"चारशे," ते शेवटी म्हणाले.

"पण नऊ ते सतरा. त्यानं साफ सांगितलं, एक बी कमी नको. मांडव, जेवणाची पंगत, गाड्या, तेवढी रुंदी लागतेच म्हणला." मग लालसिंग थोडा हसला. "आणि त्या दगडांवरची तुमची शाळा पुसून घ्या. विकलेले प्लॉट पुन्हा विकून राहिले म्हणून बोंब नको. आणि हां, त्या म्हातारीला सांगा. सतरा नंबरात भेंडी लावली तिनं. खाट टाकती. उद्या म्हणल माझंच हाय."

ती नावं लिहिण्याची कल्पना लालसिंगचीच. हॉटेलात चार माणसं बसलेली दिसली की पाचवा आत येतो, असं त्याचं म्हणणं. म्हणून मधल्या एका ओळीवर आधीच 'विकला' लिहून ठेवायचं. पण नुसत्या 'विकला'वर कुणी विश्वास ठेवत नाही. खाली माणसाचं नाव पाहिजे. गोपाळरावांचं अक्षर वळणदार. शाळेच्या भिंतीवरचे सुविचार त्यांनीच लिहायचे. त्यांनी सुरुवातीला नाही म्हटलं, मग आठवडाभरानं ब्रश घेऊन आले.

पण दगडासमोर बसल्यावर एकही खोटं नाव सुचेना. आयुष्यभर त्यांनी नावं पुकारली होती, बनवली नव्हती. ब्रशच्या टोकावरचा रंग वाळायला लागला आणि मग हात आपोआप चालला. कोंडबा. नामदेव. पिराजी. त्यांच्या पहिल्या शाळेतला चौथीचा वर्ग. हट्ट्याच्या बाजूची ती वाडी, एक खोली, बाहेर बाभळीचं झाड. हजेरी घेताना म्हणायचे त्याच क्रमानं मुलं एकेका दगडावर येऊन उभी राहिली. तेव्हा गोपाळरावांना त्याची थोडी गंमतही वाटली होती. आपल्या पोरांना आपण एकेक प्लॉट दिला, असं ते सरलाबाईंना म्हणाले होते. सरलाबाई हसल्या नव्हत्या.

मारोतीचा दगड कोरा झाला. सटवाचाही झाला. हवेत हळद शिजवल्याचा वास होता. पलीकडच्या शेतात कढई लागली असावी. गोपाळराव दगडाकडे पाठ करून क्षणभर उभे राहिले. त्या घराकडे बघायचं ते सकाळपासून टाळत होते.

पोले नवरा-बायको प्लॉट बघायला आले तो दिवस त्यांना नको इतका आठवत होता. रखमाजीनं आयुष्य मेंढरांमागं घातलेलं. आता चालणं होत नाही म्हणून कळप विकला होता आणि म्हातारपणी गावाजवळ, दवाखान्याजवळ राहावं म्हणून जागा शोधत होता. दोघांनाही वाचता येत नव्हतं. गोपाळरावांनी त्यांना ओळीतून फिरवलं आणि प्रत्येक दगडापाशी थांबून नाव वाचून दाखवलं. वाचताना आवाज आपोआप हजेरीचा झाला. लालसिंग मागं उभा राहून मान डोलावत होता.

ओळीच्या शेवटच्या दगडापाशी चंद्रभागाबाई थांबल्या.

"ह्यो कोन म्हनले?"

"हनुमान पोले," गोपाळराव म्हणाले. "तुमच्यातलाच आहे. माझा विद्यार्थी."

"काय करतो?"

तिथं थांबता आलं असतं. पण गिऱ्हाईक दगडापाशी उभं होतं, आणि शेजार चांगला आहे म्हटलं की लोक घेतात, हे ते तोवर शिकले होते.

"पुण्याला असतो. चांगल्या नोकरीत आहे."

"लेकरंबाळं?"

"दोन. एक मुलगा, एक मुलगी. इथं बंगला बांधायचा म्हणतो."

चंद्रभागाबाईंनी पदर तोंडाला लावला होता. त्यांनी अजून एकदा सांगायला लावलं, पुन्याला काय करतो म्हनले? गोपाळरावांनी पुन्हा सांगितलं, आणि दुसऱ्या खेपेला त्यात एक मोटारही घातली. मग बाई नवऱ्याकडे न बघताच म्हणाल्या होत्या, येच्या बाजूचा आमाला द्या. भावात घासाघीस झाली नाही. सातशे म्हटले, सातशे दिले.

मोठ्या शेजाराला भुलली बिचारी, असं गोपाळरावांना त्या दिवशी वाटलं होतं. नंतर इतक्या वर्षांत कमानीवरून जाताना ते मान खाली घालून सायकल पुढं काढायचे. अंधार पडला की त्या माळावर एकच दिवा दिसायचा.

सोळा नंबरवर त्यांनी दोन हात दिले. रंग सुकला. मग डबा उचलून ते सतराकडे निघाले.

लालसिंग म्हणाला होता ते खरं होतं. सतरा नंबरात भेंडीची एक सरी होती, दोन-चार वांगी होती. पण बाकीची जागा शेणानं सारवलेल्या अंगणासारखी झाडलेली होती. बाकी सगळ्या प्लॉटांत कमरेएवढं गवत. इथं काडीही नव्हती. दगडाच्या बुडाशी झेंडूची रोपं लावली होती. खाट आडवी टाकली होती आणि तिच्यावर रखमाजी पाय वर घेऊन बसला होता.

"या गुरुजी," रखमाजी म्हणाला. "सकाळपसून बघून राहिलो. एकटेच करून राहिले. माणूस न्हाई का लावला?"

"थोडंच आहे. होईल."

चंद्रभागाबाई दारातून बाहेर आल्या. हातातलं पीठ झटकून त्यांनी पदरानं हात पुसले. त्यांची नजर डब्यावर गेली, मग ओळीनं पांढऱ्या झालेल्या दगडांवर गेली.

"नावं पुसून राहिले व्हय?"

गोपाळरावांनी रात्रीच उत्तर तयार केलं होतं.

"बुकिंगं रद्द झाली, बाई. लोकांनी पैसे परत नेले. आता दुसरं गिऱ्हाईक आलंय सगळ्या ओळीला." आणि सांगायचंच आहे तर सगळं सांगून टाकावं म्हणून ते घाईनं पुढं बोलले, "भाव जरा उतरवावा लागला. चारशेनं चाललेत. तुम्हाला आम्ही सातशेनं दिला होता. मला त्याचं वाईट वाटतं. लालसिंगशी मी बोलतो, काही करता आलं तर."

रखमाजीनं हात हलवला.

"बकऱ्याचा भाव बी पडतोच की गुरुजी. मागच्या बाजारात ज्याला महाग इकलं, त्याला काय आमी हाळी मारून परत बलावतो? तेचं काय मनाला लावून घेता. काय येनार हाय म्हनले?"

"मंगल कार्यालय."

"आरं वा. म्हंजी रोज जेवान शेजारीच." रखमाजी हसला. "बुढी, चूल बंद कर आता."

बाई हसल्या नाहीत. त्या दगडाकडे बघत होत्या.

"समद्याइनं रद्द केलं?"

"हो, सगळ्यांनी."

"हनुमानानं बी?"

गोपाळरावांनी डबा खाली ठेवला. झाकण नीट बसवलं.

"हो. त्यानंही."

"काहून? चांगल्या नोकरीत हाय म्हनले व्हते तुमी. गाडी हाय म्हनले."

"असेल काही अडचण. बदली झाली म्हणे. लांब, बंगलोरला की कुठं. आता इकडं यायचं होणार नाही म्हणाला."

"तुमाला म्हनला?"

"फोन आला होता."

बाईंनी मान हलवली, जणू समजलं. मग त्यांनी रखमाजीकडे पाहिलं. खाटेवरून पाय खाली सोडून तो आता चपला शोधत होता. त्या पायाखालीच होत्या.

"गुरुजी," तो जमिनीकडे बघत म्हणाला, "आता पुरं. हनुमान आमचा."

शेळीनं मान हलवली, गळ्यातली घंटी वाजली. गोपाळरावांना आधी वाटलं, तुमच्यातलाच म्हणजे जातीतला, तसं हा म्हणतोय. ते तसं बोलणारही होते. मग त्यांनी बाईंच्या चेहऱ्याकडे पाहिलं.

"ग्यानबाचा भाचा?" ते म्हणाले. त्यांचा स्वतःचा आवाज त्यांना लांबून ऐकू आला.

"व्हय. ग्यानबा माझा भाऊ," चंद्रभागाबाई म्हणाल्या. "आमी मेंढरामागं. लेकराची साळा बुडू नये म्हनून भावाजवळ ठुलं व्हतं."

वाडीतला ग्यानबा मामा मुलाला दंडाला धरून शाळेत आणून सोडायचा. मुलगा दारापाशी, पायताणांजवळ बसायचा. घोंगडीच्या लोकरीचा वास यायचा त्याला. पाढे तो चालीवर म्हणायचा आणि सोळाच्या पाढ्याला अडायचा. एवढं गोपाळरावांना आठवलं. चेहरा आठवेना. पटावर बापाचं नाव कधी घातलंच नव्हतं, नुसतं हनुमान पोले.

"दिवाळीच्या सुट्टीत वाड्यावर आनला," रखमाजी सांगत होता. मेंढरांचा मुक्काम जिथं पडतो त्याला ते वाडा म्हणत. "औंढ्याच्या रानात व्हतो. ताप आला. तिथून गाडीबैल मिळूस्तर..." त्यानं वाक्य तसंच सोडलं.

दिवाळीनंतर शाळा उघडली तेव्हा हनुमान आला नव्हता. धनगराची मुलं अशीच जायची आणि पाऊस लागला की परत यायची, म्हणून गोपाळरावांनी नाव काढलं नव्हतं. पट कमी दिसायला नको, हेही होतं. वर्ष संपेपर्यंत ते रोज नाव पुकारत राहिले आणि रोज गैरहजेरी मांडत राहिले. पुढच्या जूनमध्ये त्यांची बदली झाली. वाडीत, मामाच्या घरी, चार पावलांवर जाऊन त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"मला माहीत नव्हतं," ते म्हणाले.

बाईंनी ते ऐकलं की नाही, कळलं नाही. त्या पुढं आल्या आणि दगडाजवळ उकिडव्या बसल्या. झेंडूच्या रोपाचं एक वाळकं पान त्यांनी खुडून टाकलं.

"त्या दिशी तुमी नाव घेतलं, तव्हाच म्या वळखलं," त्या म्हणाल्या. "हे समदं लटकं हाय, ते तव्हाच कळलं. गेलेलं लेकरू कुठं प्लाट घेतं?" त्या शांतपणे बोलत होत्या, हिशेब सांगावा तशा. "पन तुमी म्हनले पुन्याला हाय. दोन लेकरं हायत. म्या म्हनलं, आजून बोलू द्या. त्येच्याबद्दल इतकं कुनी कवा बोललंच न्हाई."

गोपाळराव उभेच होते.

"ह्ये म्हनले, गुरुजी लटकं बोलून राहिले, दुसरीकडं पाहू. म्या म्हनलं, न्हाई. इतक्या वर्साचं, इतक्या लेकरायचं नाव घेनारा मानूस. त्येनं आपल्या लेकराचं ध्यानात ठुलं, हे थोडं हाय का? येच्याच बाजूला ऱ्हायचं."

त्या एवढं बोलून थांबल्या आणि उठल्या. चुलीवर काहीतरी उतू जात असल्याचा वास येत होता.

"चा ठुते," त्या म्हणाल्या. "पुसायचं तर पुसा गुरुजी. तुमची बी अडचन असंल. फकस्त रोपं तेवढी काढून घेते मी आदी."

त्या आत गेल्या. रखमाजी खाटेवर तसाच बसून राहिला.

गोपाळरावांना सांगायचं होतं. त्यांनी ध्यानात ठेवलं नव्हतं. ह हे अक्षर शेवटी येतं आणि सतरा हा नावांच्या ओळीतला शेवटचा दगड होता; कोंडबापासून सुरुवात केली की हनुमानावर संपतं, एवढंच. त्या दिवशी त्यांच्या मनात मुलगा नव्हता, फक्त क्रम होता. हे बोलायला त्यांनी तोंड उघडलंही. रखमाजीनं वर पाहिलं आणि वाट बघितली. मग गोपाळराव झेंडूच्या रोपांकडे पाहत राहिले.

खिशातला फोन वाजला.

"झाली का गुरुजी ओळ?" लालसिंगच्या मागं मोटारसायकलींचा आवाज होता. "त्याचा फोन आला. सोमवारी सकाळीच येतो म्हणला. इसार घेऊन."

"सोळापर्यंत झाली."

"मग सतरा?"

"सतरा विकला."

"काय?"

"विकला आहे, लालसिंग."



"गुरुजी, मजाक करून राहिले का? कोणाला?"

"पोल्यांना."

"पोल्यांचा अठरा हाय."

"सतराही त्यांचाच. माझ्या हिश्शात धर."

"हिश्शाची गोष्ट न्हाई," लालसिंगचा आवाज खाली आला. तो चिडला की असाच हळू बोलायचा. "त्याला नऊ ते सतरा पाहिजे. एक कमी झाला तर तो कमानीच्या आत बी येणार न्हाई. पुन्हा असं गिऱ्हाईक कवा येईन ते सांगा. तुमचे आणि माझे दोघाचे बी पैसे या गवतात हायत. समजून राहिलं ना तुमाला?"

"समजतं."

"सरलावहिनीला इचारलं?"

फोन कानाला तसाच धरून गोपाळरावांनी डबा पायानं बाजूला सरकवला. पलीकडून फोन बंद झाला.

रखमाजीनं सगळं ऐकलं होतं. तो उठला, खाट उचलून थोडी सरकवली आणि दगडासमोर एक पाट आणून ठेवला.

गोपाळराव पाटावर बसले. पिशवीत तळाशी तांबड्या रंगाची लहान डबी होती, नंबर नव्यानं घालायला आणलेली. तिचं झाकण घट्ट बसलं होतं. रखमाजीनं विळ्याच्या टोकानं ते उचकटून दिलं. आधी ते 'विकला' हा शब्द थिनरनं पुसायला लागले. तो सहज निघेना. बराच वेळ घासल्यावर त्याच्यावर पांढरा रंग दिला. मग बारीक ब्रश घेतला. नावाची अक्षरं उन्हानं विटकरी झाली होती. त्यांनी एकेका अक्षरावरून सावकाश ब्रश फिरवला. वेलांट्या पूर्वीसारख्या आल्या नाहीत. दोन शब्दांच्या मधल्या जागेत बारीक अक्षरात एक शब्द बसत होता. तो त्यांनी घातला.

चंद्रभागाबाई चहाच्या पेल्या घेऊन आल्या तेव्हा रंग ओला होता. त्यांनी एक पेली पाटाजवळ ठेवली आणि दगडाकडे पाहिलं. त्यांना वाचता येत नव्हतं, पण काहीतरी वाढलंय हे दिसत होतं.

"काय लिवलं?" त्यांनी विचारलं.

गोपाळरावांनी ब्रश डबीवर आडवा ठेवला. पाठ सरळ केली.

"हनुमान रखमाजी पोले," त्यांनी वाचलं.

आवाज वर्गातला आला. नाव घेऊन ते थांबले. पूर्वी दाराकडे बघत थांबायचे तेवढेच. मग त्यांनी मान खाली घातली आणि पेली उचलली.